नाकाची व्हायवा

सर्वप्रथम एक खुलासा, नाहीतर रेक्टरसर लेख अर्ध्यावर टाकून संपादकांना बोलावून घ्यायचे! हा लेख दारू कशी प्यावी याबद्दल नाही. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षं आहे, वर परवाना लागतो, आणि होस्टेलच्या आवारात तर विषयच संपला. हा लेख मोजमापाबद्दल आहे. चार वर्षं आपण कसली कसली रीडिंग घेतो. व्हर्नियरची, मॅनोमीटरची, सीआरओची. पण ज्या गोष्टीला मीटरच नाही तिचं रीडिंग कसं घ्यायचं, हे कुठल्याच लॅब मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. वास आणि चव या अशाच गोष्टी. आणि त्यातलं सगळ्यात अवघड प्रॅक्टिकल कुठलं म्हणाल, तर पिंपात अठरा वर्षं मुरलेली जपानी सिंगल माल्ट व्हिस्की पारखणं.

अवघड का? कारण बाटली उघडायच्या आधीच तुमचं रीडिंग बिघडवायला तीन गोष्टी टपून बसलेल्या असतात : लेबलवरचा १८ हा आकडा, बाटलीची किंमत आणि जपानी मालाचा दबदबा. उदाहरणासाठी आपण 'यामाझाकी १८' घेऊ. एप्रिल २०२४ मध्ये सन्टोरी कंपनीने हिची जपानमधली किंमत ३२,००० येनवरून ५५,००० येन केली, तीही कर सोडून. एका रात्रीत पावणेदोन पटीच्या आसपास! मग चवही पावणेदोन पट झाली का? साहजिकच नाही. पण चाखणाऱ्यांच्या बोलण्यात मात्र ती वाढते. का वाढते, ते पुढे येईलच.

आधी थोडे फंडे क्लिअर करू. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेले जव. फक्त या माल्टपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये ऊर्ध्वपातन करून, मग लाकडी पिंपात मुरवलेली ती सिंगल माल्ट. 'सिंगल' म्हणजे एकच पिंप असा बऱ्याच जणांचा समज असतो, तो चूक. एका डिस्टिलरीतली शंभर पिंपं एकत्र केली तरी ती सिंगलच. आणि १८ हा आकडा त्या मिश्रणातल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं वय. बाकीची त्याहून म्हातारी असू शकते. वय धरतात ते पिंपातलं, बाटलीतलं नाही. काचेत व्हिस्की मुरत नाही. त्यामुळे एखाद्या काकांनी कपाटात वीस वर्षं जपलेली बारा वर्षांची बाटली आजही बारा वर्षांचीच असते. काकांना हे सांगू नये, वाईट वाटतं.

जपानमध्ये ही विद्या आली ती एका विद्यार्थ्याच्या वहीतून. मासाताका ताकेत्सुरू हा हिरोशिमा प्रांतातल्या ताकेहारा गावचा मुलगा, घरचा धंदा साके गाळण्याचा. १९१८ साली ओसाकाच्या एका मद्य कंपनीने त्याला स्कॉटलंडला धाडलं. ग्लासगोत रसायनशास्त्राचे वर्ग केले, मग लाँगमोर्न, हेझलबर्न अशा डिस्टिलऱ्यांत जाऊन प्रत्यक्ष काम पाहिलं आणि सगळं आकृत्यांसकट वहीत उतरवलं. आपल्या वर्कशॉप जर्नलसारखं मागच्या बॅचचं नव्हे, स्वतः बघून! १९२० मध्ये तो परतला तो ती वही आणि रीटा नावाची स्कॉटिश बायको घेऊन. १९२३ मध्ये शिंजिरो तोरी या व्यापाऱ्याने (पुढे ज्यांची कंपनी सन्टोरी झाली ते हेच) त्याला कामावर घेतलं आणि क्योतो व ओसाकाच्या मध्ये यामाझाकी इथे डिस्टिलरी उभी राहिली. जागा तोरींनी पाण्यावरून निवडली. तिथे तीन नद्यांचा संगम आहे, हवा दमट, धुकं नित्याचं, आणि पाणी असं की सोळाव्या शतकातला चहासमारंभाचा गुरू सेन नो रिक्यू याचं चहागृहही त्याच गावातलं.

१९२९ साली पहिली व्हिस्की बाजारात आली, 'शिरोफुदा' म्हणजे पांढरं लेबल. ती साफ पडली! ताकेत्सुरूने ती स्कॉटिश पद्धतीबरहुकूम केली होती, माल्टला पीटचा धूर देऊन. (पीट म्हणजे दलदलीत कुजलेल्या शेवाळाची वाळवलेली ढेकळं. स्कॉटलंडमध्ये ती जळण म्हणून वापरत.) जपानी माणसाला तो धूर सोसवेना. वहीप्रमाणे उत्तर बरोबर होतं, पण चाखणाऱ्याच्या नाकाने शून्य मार्क दिले. तोरींनी ते रीडिंग मानलं आणि सौम्य, नाजूक व्हिस्कीकडे वळले. ताकेत्सुरूने मानलं नाही. त्याने १९३४ मध्ये वेगळं होऊन उत्तरेला होक्काइडो बेटावर योइची इथे स्वतःचा कारखाना काढला. तीच आजची निक्का. तिथल्या स्टिलखाली अजूनही दगडी कोळशाची थेट आच असते. कोण बरोबर? माझ्या मते दोघंही, कारण आज दोन्ही चवी शिल्लक आहेत. पण यामाझाकी चाखताना धूर शोधत बसू नये, तो तिचा स्वभावच नाही, हे या इतिहासावरून कळतं.

अजून एक गंमत. स्कॉटलंडमध्ये कंपन्या एकमेकींना आपली व्हिस्की विकतात, अदलाबदल करतात आणि त्यातून मिश्रणं बनवतात. जपानमध्ये सन्टोरी आणि निक्का यांच्यात तसली देवघेव नव्हती. मग व्हरायटी आणायची कुठून? तर एकाच डिस्टिलरीत वेगवेगळ्या आकारांच्या स्टिल, वेगवेगळ्या लाकडांची पिंपं. त्यामुळे यामाझाकीची एक बाटली म्हणजे एका आवाजाचं गाणं नसून अख्खं भजनी मंडळ असतं.

आता वय. स्टिलमधून निघणारं स्पिरिट पाण्यासारखं रंगहीन असतं. पिंपात एकाच वेळी बरंच काही चालतं. लाकडातून व्हॅनिला, खोबऱ्याचा वास देणारे लॅक्टोन, लवंगेतलं युजेनॉल आणि तुरट टॅनिन उतरतं. आतून जाळलेल्या पिंपाचा कोळसा गंधकाचे नकोसे वास शोषून घेतो. फळ्यांमधून हवा आत जाते, द्रव बाहेर उडतो. या उडण्याला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि तिथे तो वर्षाला साधारण २ टक्के असतो. आपल्याकडे गोव्यात पॉल जॉन आणि बंगळुरूत अमृत या सिंगल माल्ट बनतात. तिथल्या उष्ण हवेत देवदूत जास्त तहानलेले असतात. अमृतच्या बाबतीत हा आकडा वर्षाला १० ते १२ टक्के सांगतात.

कॅल्क्युलेटर काढा. २ टक्क्यांनी अठरा वर्षांत ०.९८ चा अठरावा घात, म्हणजे सुमारे ७० टक्के माल उरतो. १० टक्क्यांनी ०.९ चा अठरावा घात, म्हणजे जेमतेम १५ टक्के. २०० लिटरच्या पिंपात राहिले ३० लिटर! आणि तेही लाकडाचा काढा झालेले. म्हणून भारतीय सिंगल माल्टवर १८ हा आकडा दिसत नाही आणि दिसायची गरजही नाही. तापमान न सांगता नुसता वेळ सांगितला तर रिॲक्शन इंजिनिअरिंगच्या पेपरात मार्क मिळतात का? वयाचंही तसंच. यामाझाकीचा उन्हाळा चांगला उष्ण-दमट आणि हिवाळा थंड, म्हणजे तिथली अठरा वर्षं स्कॉटलंडच्या अठरापेक्षा वेगळी आणि गोव्याच्या अठरापेक्षा फारच वेगळी.

शिवाय जास्त वय म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमजच. लाकूड देतच राहतं. एका हद्दीनंतर फळांचे, फुलांचे वास दबतात आणि उरतो तो तुरट कडवटपणा. मेसचा चहा तिसऱ्यांदा उकळला की काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहेच. जुनी व्हिस्की पारखणं म्हणजे मुख्यतः हेच पाहणं की लाकडाने आतल्या मालाला आधार दिलाय की गिळून टाकलंय.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर मिझुनाराबद्दल सांगायलाच हवं. मिझुनारा म्हणजे जपानी ओक, मुख्यतः होक्काइडोच्या जंगलातला. पिंपं बनवायला हा तसा वैतागच. झाड वाकडंतिकडं वाढतं, गाठी फार, लाकूड सच्छिद्र म्हणून पिंप गळतं, आणि जोगं झाड मिळायला दीडदोनशे वर्षं थांबावं लागतं. कुणी सुखासुखी वापरलं नसतं. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून पिंपं येणं थांबलं आणि नाइलाजाने हे घ्यावं लागलं. सुरुवातीला त्याचा वास कुणाला आवडला नाही. पण ती पिंपं पंधरा-वीस वर्षांनी उघडली तेव्हा आतून चंदनाचा, अगरूचा, देवळातल्या धुपाचा वास आला. इंग्रज समीक्षकांना तो वर्णन करताना घाम फुटतो, कारण त्यांच्या घरात तो वास नसतोच. ज्याने लहानपणी आजीला सहाणेवर चंदन उगाळताना पाहिलंय त्याला तो ओळखायला डिक्शनरी लागत नाही. इथे आपलं नाक त्यांच्या दोन पावलं पुढे आहे, हे मी अभिमानाने नमूद करतो!

पारखायच्या आधी लेबल नीट वाचायचं. का, ते ऐका. जपानच्या मद्यकर कायद्याची व्याख्या इतकी सैल आहे की बाहेरून टँकरने आणलेली व्हिस्की जपानमध्ये बाटलीत भरून, वर चित्रलिपीतलं देखणं लेबल चिकटवून विकता येत असे, आणि लोक ती जपानी समजून घेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या उत्पादक संघटनेने नियम जाहीर केले. 'जपानी व्हिस्की' म्हणायचं तर मोड आलेलं धान्य हवं, पाणी जपानचं, आंबवणं आणि ऊर्ध्वपातन जपानमध्ये, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षं जपानमध्येच मुरवणं, आणि बाटलीत भरतानाही अल्कोहोल किमान ४० टक्के. जुन्या मालासाठी मार्च २०२४ अखेरपर्यंत सवलत होती. पण लक्षात घ्या, हा संघटनेचा नियम आहे, सरकारी कायदा नाही. आपणही फार हसू नये. साखर कारखान्यांच्या मळीपासूनचं स्पिरिट घालून केलेली जी 'व्हिस्की' आपल्याकडे सर्रास विकली जाते, ती युरोपात व्हिस्की म्हणून विकता येत नाही.

असो. आता मुख्य प्रॅक्टिकल.

उपकरणं : ट्युलिपच्या कळीसारखा, खाली फुगीर आणि वर निमुळता ग्लास. वास पोटात साठतो आणि तोंडाशी एकवटतो. नेहमीचा रुंद, जाड बुडाचा ग्लास इथे बाद, त्यात वास चहूकडे पांगतो. सोबत साधं पाणी, ड्रॉपर, वही आणि पेन. बर्फ नाही. थंड झालं की वासाचे रेणू कमी उडतात, हे व्हेपर प्रेशर शिकलेल्याला वेगळं सांगायला नको. माल १५ मिली पुरे. आणि शेजारी एक रिकामा कप, थुंकायला. हो, थुंकायला. व्यावसायिक लोक दिवसाला इतके नमुने तपासतात की गिळत बसले तर संध्याकाळी घर सापडणार नाही. बहुतेक काम तर ते नुसत्या वासावरच उरकतात.

रंगावर वेळ घालवू नका. नियमाने साखरेचा करपवलेला रंग घालायला परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी हे समीकरण टिकत नाही. ग्लास फिरवल्यावर आतून जे ओघळ उतरतात ते बघून लोक माना डोलावतात. अल्कोहोल आधी उडतं, पृष्ठताण बदलतो आणि द्रव वर खेचला जाऊन ओघळतो. याला मरँगोनी परिणाम म्हणतात. बघायला छान, पण दर्जाबद्दल त्यातून काही कळत नाही.

खरी परीक्षा नाकाची. जिभेला मोजून पाच चवी कळतात : गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. नाकात वास ओळखणारे रिसेप्टर सुमारे ४०० प्रकारचे. म्हणजे जिभेकडे मल्टिमीटर असेल तर नाकाकडे स्पेक्ट्रोमीटर आहे. पण हा स्पेक्ट्रोमीटर चटकन सॅच्युरेट होतो. नवशिके ग्लासात नाक खुपसून जोरात ओढतात, अल्कोहोलचा चटका बसतो आणि पुढची काही मिनिटं नाक सुट्टीवर जातं. बरोबर रीत अशी : ग्लास छातीपाशी धरा, हळूहळू वर आणा आणि पहिला वास आला तिथे थांबा. तोंड किंचित उघडं ठेवा, त्याने चटका कमी बसतो. छोटा श्वास, मग ग्लास दूर. नाक दमलं तर स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा. बाहीचा वास नाकाला सवयीचा असतो, तो आपला शून्य. (शर्ट धुतलेला असावा ही अपेक्षा.)

आणि पहिला वास येताक्षणी, कुणाशीही न बोलता, वहीत लिहा. हा नियम मी सगळ्यात वर ठेवतो. लॅबमध्ये टॉपरने ग्राफ काढला की बाकीच्यांचे पॉइंट आपोआप त्याच्या रेषेवर येऊन बसतात, हा आपला अनुभव आहेच. चाखायच्या टेबलावरही एकाने 'जर्दाळू' म्हटलं की पुढच्या मिनिटात सगळ्यांना जर्दाळू यायला लागतो. शब्दही आपले वापरा. इंग्रजी पुस्तकं शेरीच्या पिंपातल्या व्हिस्कीला ख्रिसमस केक म्हणतात. आपण तो किती वेळा खाल्लाय? खजूर, काळ्या मनुका, काकवी म्हणा, तेच नेमकं आहे. परक्या शब्दात लिहिलेली नोंद महिन्याने वाचली तर आपल्यालाच कळत नाही.

मग पाणी. शौकीन मंडळी पाणी घालण्याला पाप समजतात, पण खुद्द ब्लेंडर लोक वास घेताना व्हिस्की २० टक्क्यांच्या आसपास पातळ करतात. यामागचं विज्ञान झकास आहे. स्वीडनच्या कार्लसन आणि फ्रिडमन या दोघांनी २०१७ साली संगणकावर रेणूंचं सिम्युलेशन केलं. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू त्यांनी निवडला. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर तो पृष्ठभागाजवळ राहतो, म्हणजे नाकाच्या जवळ. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला घेरतात आणि तो आत बुडतो. थेट पिंपातून काढलेली व्हिस्की ६० टक्क्यांच्या घरात असू शकते, तिला पाणी घातलं की दबलेला वास वर येतो. यामाझाकी १८ बाटलीतच ४३ टक्के असते, त्यामुळे तिथे इतका चमत्कार नाही, पण चटका कमी होतो आणि बारीक वास मोकळे होतात. अगदी थेंबाथेंबाने घालायचं, कारण घातलेलं पाणी काढता येत नाही. रोजच्या पिण्यात जपानी लोक तर व्हिस्कीच्या दुप्पट-अडीचपट पाणी घालतात, त्याला मिझुवारी म्हणतात. म्हणजे 'पाणी घातलं की अपमान होतो' वगैरे आपली कल्पना.

तोंडात अगदी छोटा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवून, दहा सेकंद. मग गिळा किंवा थुंका आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशाच्या मागच्या बाजूने वास नाकात जातो आणि जिला आपण चव म्हणतो तिचा मोठा हिस्सा त्यातूनच येतो. सर्दी झाल्यावर बासुंदीही पांचट लागते ती त्यामुळेच. शेवटी घड्याळ बघायचं : चव किती वेळ रेंगाळते आणि कशी बदलते. जुन्या व्हिस्कीची खरी ओळख इथे पटते. कच्ची व्हिस्की झटक्यात जळजळून संपते, मुरलेली टप्प्याटप्प्याने उतरते.

यामाझाकी स्टेशनपासून डिस्टिलरी चालत दहा मिनिटांवर आहे आणि तिथल्या काउंटरवर पैसे भरून १५ मिली चाखायला मिळते. माझ्या वहीतली नोंद देतो. वास : काळ्या मनुका, वाळलेला जर्दाळू, दुधाळ कॉफी. पाच मिनिटांनी जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडावं तसं काहीतरी, आणि त्यामागे हलकंसं चंदन. धूर जवळपास नाही. तोंडात : गडद चॉकलेट, आंबटगोड जांभूळ, काकवी. गंधक (म्हणजे जळक्या काडेपेटीचा वास, शेरीच्या पिंपांचा हा नेहमीचा दोष) सापडलं नाही. शेवट : लांब, सुंठ आणि दालचिनी, अगदी अखेरीला तुरट. पाणी घातल्यावर फळं पुढे आली, तुरटपणाही जरा उघडा पडला. मार्क, प्रत्येकी २५ पैकी : वास २४, चव २२, शेवट २१, तोल २३. एकूण ९०. ही व्हिस्की मुख्यतः शेरीच्या पिंपांतली, सोबत अमेरिकन ओक आणि मिझुनाराचा थोडा वाटा. माझे मार्क कापले गेले ते लाकडापायी. अठरा वर्षं हिला झेपलीत, पण वीस झाली असती तर मला भीती वाटली असती.

आता या ९० वर कितपत विश्वास ठेवायचा? बाटली समोर होती, लेबल दिसत होतं, किंमत माहीत होती. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाईनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला, तर त्यांनी वर्णनात लाल वाईनचे शब्द वापरले. नवखे नव्हेत, त्याच विषयाचे विद्यार्थी! २००८ साली अमेरिकेत एकच वाईन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली. महाग सांगितलेली लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये आनंदाशी संबंधित भागही जास्त उजळला. म्हणजे ती माणसं थाप मारत नव्हती, त्यांना खरोखरच जास्त आवडली. ५५,००० येनचं हेच तर दुखणं आहे.

आणि किंमत कशाने ठरते बघा. जपानात व्हिस्कीचा खप १९८३ च्या सुमारास शिखरावर होता, त्यानंतर २००८ पर्यंत घसरतच गेला. कारखान्यांनी माल कमी गाळला. मग सोडा घातलेल्या हायबॉलची फॅशन आली, परदेशात बक्षिसं मिळाली आणि मागणी एकदम वर. पण अठरा वर्षांपूर्वी न भरलेलं पिंप आज आणणार कुठून? २०१५ मध्ये निक्काने योइचीच्या वयाचा आकडा असलेल्या बाटल्याच बंद केल्या, २०१८ मध्ये सन्टोरीने हाकुशू १२ ची विक्री काही काळ थांबवली. म्हणजे किमतीतला मोठा हिस्सा हा टंचाईचा, चवीचा नव्हे. गंमत म्हणजे ज्या बाटलीने जगाचे कान टवकारले ती 'यामाझाकी शेरी कास्क २०१३' होती. जिम मरे यांच्या 'व्हिस्की बायबल'च्या २०१५ च्या आवृत्तीत तिला १०० पैकी ९७.५ मार्क पडले. आणि त्या बाटलीवर वयाचा आकडाच नव्हता!

उपाय एकच, डोळ्यांना बाजूला ठेवायचं. साधी ब्लाइंड टेस्ट म्हणजे दुसऱ्याने ओतायचं, ग्लासवर फक्त नंबर. त्याहून कडक म्हणजे त्रिकोणी चाचणी. तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास ओळखा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता १/३. सहा वेळा करा. सहापैकी चार बरोबर आले तर हुरळून जाऊ नका, अंदाजपंचेही तेवढे किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता ७३/७२९, म्हणजे १० टक्के आहे. पाच आले तर ती १३/७२९, २ टक्क्यांच्याही खाली. बारा वर्षांची आणि अठरा वर्षांची अशी त्रिकोणात ठेवून ज्याला पाच वेळा ओळखता येत नाही, त्याने पुढची किंमत मोजायच्या आधी विचार करावा. ओळखता आली, तर मग कुठली जास्त आवडली हा दुसरा प्रश्न विचारायचा. बहुतेक लोक दुसऱ्या प्रश्नापासूनच सुरुवात करतात.

या सगळ्याची तयारी होस्टेलवर, थेंबभर दारूशिवाय करता येते. पार्टनरला सांगून मिसळणाच्या डब्यातल्या आणि वाणसामानातल्या दहा वस्तू वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांत भरून घ्या : लवंग, दालचिनी, सुंठ, सुकं खोबरं, खजूर, मनुका, गूळ, कॉफी, चंदनाचं खोड, जळकी काडी. डोळे बांधून ओळखा. रोज नाकाखालून जाणाऱ्या वस्तू असूनही पहिल्या दिवशी दहापैकी सहा आले तरी खूप. हे वास एकटे ओळखता आल्याशिवाय चाळीस वासांच्या गर्दीत सापडत नाहीत. मग चहाचा त्रिकोण लावा. तीन कप, दोनांत मेसचा, एकात गेटवरच्या टपरीचा. साखर, तापमान आणि कप तिन्हींना सारखे हवेत, नाहीतर तुम्ही चहा नाही, साखर ओळखाल. ओतणारा आणि कप पुढे ठेवणारा ही माणसं वेगळी ठेवा, म्हणजे चेहऱ्यावरून उत्तर फुटत नाही. सहा फेऱ्या, पाच बरोबर. आमच्या विंगमधल्या कट्टर टपरीवाल्यांपैकी किती जण पास होतात, ते संपादकांकडे लेखी कळवावे.